औषध आलं, बाळापर्यंत कोण नेणार?

गेल्या पावसाळ्यात येवल्याजवळच्या आमच्या शेतात गेले होते. दादाने मक्यात तणनाशक मारून आठवडा झाला होता. मका गुडघ्याएवढा, हिरवाकंच, आणि त्याच्या दोन ओळींमधलं सगळं तण पांढरं. वाळलेलं नव्हतं, पिवळंही पडलेलं नव्हतं. केना, घोळ, गवताची कोवळी पाती, सगळी उभीच होती, पण ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी. एक पान खुडून उन्हाकडे धरलं तर त्यामागचं माझं बोट दिसत होतं. "लॉडिसचं काम आहे ते," दादा म्हणाला. "आता चार दिवसांत बसेल खाली. निंदणीला बाया मिळत नाहीत, मग काय करणार?"

बांधावर पडलेल्या बाटलीवरचं बारीक अक्षर मी वाचलं. टेम्बोट्रिऑन. त्या नावाच्या शेपटाने माझ्या पोटात कालवलं. मी मुंबईत सत्तावीस वर्षं प्रयोगशाळेत रक्त तपासते आणि याच कुळातल्या एका औषधाशिवाय गेलेलं एक बाळ मला माहीत आहे. शेतातली ती बाटली आणि ते औषध एकाच घराण्यातले. त्या घराण्याची गोष्ट सांगायची आहे, आणि तिच्या आधारे मुंबई महापालिकेकडे एक मागणी करायची आहे: तुमच्या प्रसूतिगृहात जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतला रक्ताचा थेंब तपासा.

गोष्ट 1977 सालची, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची. बॉटलब्रशचं झाड आपल्याकडेही बागांत आणि सोसायट्यांच्या आवारात दिसतं. बाटली धुवायच्या ब्रशासारखी त्याला लाल फुलं येतात. तिथल्या एका रसायन कंपनीतल्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की या झाडाखाली तण फारसं उगवतच नाही. झाड स्वतःच जमिनीत काहीतरी सोडत असणार. शोध घेतल्यावर लेप्टोस्पर्मोन नावाचं द्रव्य सापडलं. ते तण मारत होतं, पण त्याची ताकद बेताची होती. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा सांगाडा घेतला, कधी एक टोक बदललं, कधी दुसरं, आणि भावंडांची मोठी रांग उभी केली. त्यातलंच एक मेसोट्रिऑन. 2001च्या सुमारास ते मक्यासाठी बाजारात आलं आणि जगभर खपलं. दादाच्या बाटलीतलं टेम्बोट्रिऑन त्यानंतरचं.

या रांगेत आणखी एक भावंड होतं. मेसोट्रिऑनच्या सांगाड्याला एका जागी गंधकाचा गट आहे, तिथे याला फ्लोरिनचा गट आहे, बाकी सारखंच. तण मारायची याचीही ताकद होती. पण सुरक्षिततेच्या चाचण्यांत उंदरांच्या डोळ्यांच्या बुबुळावर डाग पडायला लागले. कुठलीही कंपनी अशा वेळी फाइल बंद करते. हे रसायन तपासणाऱ्या विषशास्त्रज्ञांनी ती बंद केली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. डाग का पडतात, याच्या मागे ते लागले. उंदरांच्या रक्तात टायरोसिन नावाचं द्रव्य प्रचंड वाढलेलं सापडलं, आणि हे रसायन शरीरातलं नेमकं कोणतं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, अडवतं ते कळलं. वनस्पतीत तेच एन्झाइम अडवल्यामुळे तण पांढरं पडत होतं.

टायरोसिन आपल्या डाळीत, दुधात, अंड्यात, बोंबलात असतं. प्रथिनांचाच तो एक घटक. शरीर त्यातलं हवं तेवढं वापरतं आणि उरलेलं पाच टप्प्यांत मोडून बाहेर काढतं. टायरोसिनेमिया टाइप 1 हा आजार घेऊन जन्मलेल्या बाळात शेवटच्या टप्प्याचं एन्झाइम नसतं. चाळीत राहिलेल्या माणसाला हे समजवायला वेळ लागत नाही. मोरी तुंबली की घाण पाणी मागे येतं आणि घरात शिरतं. इथे घर म्हणजे बाळाचं यकृत आणि मूत्रपिंड. अर्धवट मोडलेली विषारी द्रव्यं तिथे साठत राहतात. काही आठवड्यांत यकृत निकामी व्हायला लागतं, रक्त गोठत नाही, जगलंच मूल तर हाडं वाकतात, आणि पुढे यकृताच्या कर्करोगाची टांगती तलवार.

ती मोरी दुरुस्त करता येत नाही. पण वरचा नळ बंद करता येतो. उंदरांचे डोळे बिघडवणारं ते रसायन नेमका तोच नळ बंद करत होतं: पाच टप्प्यांतला दुसरा. स्वीडनमधल्या गोटेनबर्गचे डॉक्टर स्वेन लिंडस्टेट या एन्झाइमवर कित्येक वर्षं काम करत होते. तणनाशकाची ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचली तेव्हा त्यांना मुलं दिसली. 1991 मध्ये त्यांनी एका मरणपंथाला लागलेल्या बाळाला ते दिलं. बाळ सावरलं. 1992 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांची हकिगत छापली. 2002 मध्ये अमेरिकेने औषध म्हणून त्याला मान्यता दिली. त्याचं नाव निटिसिनोन.

नळ बंद केला म्हणजे वरच्या टाकीत पाणी साचणारच. म्हणून हे औषध घेणाऱ्या मुलाला प्रथिनं मोजून द्यावी लागतात, वेगळी दुधाची पावडर लागते, नाहीतर वाढलेलं टायरोसिन डोळ्यांत जाऊन बसतं. उंदरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. त्या बिघडलेल्या डोळ्यांनी औषध दाखवलं आणि त्याची खबरदारीही.

या औषधाने काय बदललं? जन्मल्यापासून दोन महिन्यांच्या आत आजार दिसायला लागलेल्या बाळांना पूर्वी फक्त पथ्यावर ठेवलं जायचं, तेव्हा शंभरातली 29 बाळं दोन वर्षं जगायची. निटिसिनोन मिळाल्यावर हा आकडा 88 झाला. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात हा आजार बराच आढळतो. तिथे 1970पासून प्रत्येक नवजात बाळाचं रक्त यासाठी तपासलं जातं. ज्या 24 बाळांना पहिल्या महिन्यातच औषध सुरू झालं, त्यांतल्या एकालाही यकृत बदलावं लागलं नाही. उशिरा औषध मिळालेल्यांतल्या काहींना मात्र ते बदलावं लागलं. औषध तेच, मात्रा तीच, फरक फक्त तारखेचा. माझं सगळं म्हणणं या फरकावर उभं आहे.

आता त्या बाळाबद्दल सांगते.

साधारण दहा वर्षं झाली असतील. चार महिन्यांचा मुलगा, आईवडील ठाण्याजवळच्या दिव्याला राहणारे. त्याचं रक्त आमच्याकडे तीन आठवड्यांत चारदा आलं. कावीळ, यकृताची एन्झाइम्स थोडीच वाढलेली, पण रक्त गोठायचा वेळ भयंकर लांबलेला. व्हिटॅमिन के देऊनही तो खाली येत नव्हता. अल्फा फीटोप्रोटीन या यकृतात बनणाऱ्या प्रथिनाचा आकडा एवढा मोठा आला की मी नमुना दोनदा पातळ करून पुन्हा लावला. बाळ ज्या रुग्णालयात होतं तिथे आधी जंतुसंसर्ग समजून उपचार झाले, मग यकृताची सूज समजून. त्या डॉक्टरांना दोष द्यायला मी बसलेले नाही. रोज शंभर मुलं बघणाऱ्याच्या डोक्यात लाखातला आजार पहिल्या दिवशी कसा येईल? शेवटी एका तरुण डॉक्टरला शंका आली आणि लघवीचा नमुना सक्सिनिलॅसेटोनच्या तपासणीसाठी बाहेर पाठवला गेला. हे द्रव्य सापडलं की या आजाराबद्दल शंका उरत नाही. रिपोर्ट यायला अकरा दिवस लागले. बाळ नवव्या दिवशी गेलं होतं.

तरीही वडील रिपोर्ट न्यायला आले. मला म्हणाले, "ताई, काय होतं ते तरी कळू दे." मी सांगितलं. त्यांनी कागदाची चौघडी घातली आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. मग विचारलं, "आधी कळलं असतं तर?"

मला उत्तर देता आलं नाही, आणि त्याचं कारण फक्त दुःख नव्हतं. खरं उत्तर त्या वेळी फार क्रूर होतं. आधी कळलं असतं तरी औषध परदेशातून आणावं लागायचं आणि एका मुलाचा वर्षाचा खर्च दोन कोटी वीस लाखांच्या घरात जायचा. दिव्याच्या एका खोलीत राहणाऱ्या माणसाला निदान सांगून मी काय दिलं असतं? म्हणून मी गप्प राहिले. आपली सगळी व्यवस्थाही त्याच कारणाने गप्प होती. जिथे उपचारच नाही तिथे शोधायचं कशाला, असा सरळ हिशेब होता.

तो हिशेब नोव्हेंबर 2023 मध्ये मोडला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं की चार दुर्मिळ आजारांवरची औषधं आता भारतात तयार होताहेत, आणि त्यांतलं एक निटिसिनोन. वर्षाचा 2 कोटी 20 लाखांचा खर्च अडीच लाखांवर येतो असं त्या वेळी सांगितलं गेलं. म्हणजे जवळजवळ नव्वदावा हिस्सा. हे काम भारतीय कंपन्यांनी, भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी केलं. त्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी मोकळेपणाने सांगते.

अडीच लाखही दिव्याच्या त्या घराला परवडणारे नाहीत, हे खरं. पण त्यासाठी 2021चं राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण आहे. त्यात टायरोसिनेमिया टाइप 1साठी निटिसिनोनचा उल्लेख आहे. धोरणाने निवडलेल्या उत्कृष्टता केंद्रांत उपचार घेणाऱ्या रुग्णाला 2022पासून 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते. देशातल्या पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं केईएम रुग्णालय आहे, आपल्या महापालिकेचं, परळचं. एवढंच नाही, तपासणीची यंत्रसामग्री उभारायला अशा केंद्राला कमाल 5 कोटींचं एकवेळचं अनुदान द्यायची तरतूदही त्याच धोरणात आहे. 50 लाख आयुष्यभर पुरणार नाहीत. मूल वाढतं तशी मात्रा वाढते, आणि वेगळ्या पावडरीचे डबे महाग असतात ते वेगळंच. ही मर्यादा पुढे वाढवावीच लागेल. पण औषध आहे, पैशाची सोय आहे, केंद्र परळला आहे. आता त्या वडिलांनी तोच प्रश्न विचारला तर मला गप्प राहता येणार नाही, आणि महापालिकेलाही नाही.

कारण आता साखळीतली एकच कडी उरली आहे. बाळाला हा आजार आहे हे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कळलं पाहिजे. तेव्हा बाळ दिसायला धडधाकट असतं. दूध पितं, रडतं, झोपतं. कुठल्याही निष्णात डॉक्टरला ते नुसतं बघून ओळखता येणार नाही. रक्तच तपासावं लागतं.

ही तपासणी काय असते ते जवळून सांगते, कारण 'स्क्रीनिंग' म्हटलं की लोकांना मोठं काहीतरी वाटतं. बाळ एक-दोन दिवसांचं झालं की त्याची टाच कोमट कपड्याने शेकायची. टाचेच्या कडेला, मधोमध नाही, बारीक टोचायचं. पहिला थेंब कापसाने पुसून टाकायचा. दुसरा थेंब जाड टिपकागदावर छापलेल्या वर्तुळाला अलगद टेकवायचा. दाबायचं नाही, घासायचं नाही, थेंब आपोआप पसरून कागदाच्या मागच्या बाजूला उमटला पाहिजे. अशी चार-पाच वर्तुळं. कागद आडवा ठेवून तीन-चार तास सावलीत सुकवायचा. बाळ रडतं, आईच्या छातीशी गेलं की मिनिटभरात थांबतं. झालं. तो कागद पाकिटात घालून कुठेही पाठवता येतो. प्रयोगशाळेत टँडम मास नावाच्या यंत्रावर एकेका ठिपक्यातून कित्येक आजार एका वेळी तपासता येतात. सक्सिनिलॅसेटोनही त्यातच दिसतं. फक्त त्याची तपासणी मुद्दाम समाविष्ट करावी लागते. नुसतं टायरोसिन बघून भागत नाही, कारण पहिल्या दिवसांत ते या आजारातही साधारण असू शकतं. यंत्र विकत घेणाऱ्यांनी ही बारीक गोष्ट विसरू नये म्हणून इथे लिहून ठेवते.

आता आक्षेपाकडे येते, कारण तो खरा आहे आणि मी स्वतः तो बरीच वर्षं मनात बाळगला आहे. टायरोसिनेमिया टाइप 1 जगभरात साधारण लाखात एका बाळाला होतो. मुंबईत वर्षाला लाखाहून थोडी अधिक बाळं जन्मतात. म्हणजे वर्षाला एखादं मूल. एका मुलासाठी लाख मुलांना टोचायचं? महापालिकेच्या प्रसूतिगृहातल्या सिस्टरला आधीच श्वास घ्यायला फुरसत नाही. डेंग्यू आहे, क्षयरोग आहे, कुपोषण आहे.

फक्त या एका आजारासाठी मीही हा आग्रह धरला नसता. पण टाचेचा तो थेंब एका आजाराचा नसतोच. त्याच कागदावर जन्मजात थायरॉइडची कमतरता कळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत लाखभर नवजात बाळांची तपासणी केली, तेव्हा साधारण अकराशे बाळांमागे एकाला हा आजार सापडला. मुंबईच्या जन्मसंख्येला लावून बघा: वर्षाला नव्वदच्या आसपास मुलं. या मुलांना पहिल्या काही आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली नाही तर मेंदूची वाढ खुंटते आणि ती नंतर कशानेही भरून निघत नाही. गोळी वेळेवर मिळाली तर मूल इतरांसारखं शाळेत जातं. गोळीची किंमत? रोजची एका कटिंग चहाहून कमी. त्याच कागदावर अॅड्रिनल ग्रंथीचा जन्मजात विकार कळतो, ज्यात बाळ दुसऱ्या आठवड्यात मीठ आणि पाणी गमावून अचानक दगावू शकतं. गॅलॅक्टोसेमिया कळतो, ज्यात आईचं दूधच बाळाला सोसत नाही. जी6पीडीची कमतरता कळते, ज्यात ठरावीक औषधांनी रक्त फुटतं. लाखातलं ते एक मूल या नव्वद-शंभर मुलांच्या सोबतीने वाचतं. त्याच्यासाठी वेगळी टाच टोचायची नाही, फक्त त्याच ठिपक्यात आणखी एक गोष्ट बघायची.

मुंबईत हे होत नाही असं नाही. खासगी रुग्णालयात बाळंतपण झालं तर घरी सोडायच्या दिवशी बिलात काही हजारांची 'न्यूबॉर्न स्क्रीनिंग'ची ओळ असते, आणि पालक विचारही न करता होय म्हणतात. त्यांचं बरोबरच आहे. पण मग कोणत्या खाटेवर जन्म झाला यावर मेंदू वाचणार की नाही हे ठरतं. केरळमध्ये सरकारी रुग्णालयांतल्या बाळांची अशी तपासणी गेली कित्येक वर्षं होते. शेजारच्या गोव्याने 2008 मध्येच याला हात घातला होता. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013पासून आहे. त्यात जन्मतः दिसणारे दोष बघितले जातात, दुभंगलेला ओठ, वाकडं पाऊल, हृदयाचा आवाज. न दिसणारे दोष शोधायला रक्त लागतं. मुंबई महापालिकेचा 2025-26चा अर्थसंकल्प 74 हजार कोटींहून मोठा होता. एवढ्या मोठ्या पाकिटातून टाचेच्या थेंबाचा खर्च निघत नाही, हे मी मानायला तयार नाही.

खरी अडचण पैशाची नाही. ती दोन ठिकाणी आहे, आणि दोन्ही अस्सल मुंबईच्या आहेत. पहिली हवा. जुलैमध्ये परळला टिपकागद चार तासांत सुकत नाही. ओलसर कागद पाकिटात गेला की ठिपका खराब होतो आणि चाचणी चुकते. यासाठी प्रसूतिगृहात एक कोरडी, पंख्याखालची, पाली-झुरळांपासून झाकलेली जागा आणि पाकिटात ओलावा शोषणारी पुडी लागते. किरकोळ गोष्ट, पण कार्यक्रम अशाच किरकोळ गोष्टींपाशी फसतात.

दुसरी अडचण मोठी आहे. रिपोर्ट आला तेव्हा बाळ कुठे असेल? मुंबईतली बाळंतीण सव्वा महिना मुंबईत राहते असं थोडंच आहे. कोणी चिपळूणला माहेरी जाते, कोणी साताऱ्याला, कोणी जौनपूरच्या गाडीत बसते. नोंदवलेला मोबाइल नवऱ्याचा, तो रात्रपाळीला, किंवा नंबर बदललेला. पहिली तपासणी फक्त शंका दाखवते. पुन्हा रक्त घेऊन खात्री करावी लागते, आणि बहुतेक वेळा दुसऱ्यांदा सगळं ठीक निघतं. बोलावलं आणि कारण नीट सांगितलं नाही तर आई आठ दिवस झोपत नाही. बोलावलंच नाही तर तपासणी केली काय आणि न केली काय. म्हणून मी यंत्राच्या आधी माणसं मागते. प्रत्येक वॉर्डमध्ये एक व्यक्ती अशी असावी जिचं कामच सात दिवसांत त्या आईपर्यंत पोहोचणं असेल. आजीचा, मामाचा, गावाकडचा असे दोन नंबर बाळंतपणाच्या वेळीच लिहून घ्यावेत. आपल्या आरोग्य सेविका पोलिओच्या डोसासाठी सातव्या मजल्यापर्यंत जिने चढून दार ठोठावतात. त्यांना हे जमेल. फक्त त्याचा मोबदला त्यांना मिळाला पाहिजे. नेहमीच्या कामात फुकट टाकलेलं आणखी एक काम म्हणून हे होणार नाही.

आणखी एक गोष्ट आतापासूनच मनात धरायला हवी. ज्या घरात निदान होईल, तिथे कोणीतरी औषधाचं नाव मोबाइलवर शोधेल. पहिल्या काही ओळींतच 'तणनाशक' हा शब्द समोर येईल. बाळाला शेतात मारायचं विष देताहेत, हे वाक्य घरभर फिरायला मिनिटही लागणार नाही, आणि मी त्या घराला वेड्यात काढणार नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक शेतकरी आणि शेतमजूर गेले. पाठीवर पंप घेऊन फिरणाऱ्याच्या बायकोला रसायनाची भीती कोणी शिकवावी लागत नाही. माझी वहिनी अजून दादाचे फवारणीचे कपडे वेगळे धुते, आणि ते योग्यच आहे.

म्हणून डॉक्टरांनी ही गोष्ट लपवू नये, आधीच सांगावी. मी दादाला सांगितली तशी. त्याच्या शेतातल्या तणाला हिरवा रंग टिकवायला त्या एन्झाइमच्या मदतीने बनणारं एक द्रव्य लागतं. ते मिळालं नाही की सूर्यप्रकाशच पानाचा रंग जाळून टाकतो. आपण पानात अन्न बनवत नाही, त्यामुळे तोच नळ बंद केल्याने आपल्याला तसं काही होत नाही. मका तणनाशक झटपट मोडून टाकतो, म्हणून त्याच रानात मका हिरवा आणि तण पांढरं. मेसोट्रिऑन माणसाच्या शरीरातूनही लवकर निघून जातं. निटिसिनोन मात्र रक्तात टिकतं, अर्धं व्हायला दोन दिवसांहून जास्त लागतात, आणि औषध म्हणून नेमकं तेच हवं असतं. त्याची मात्रा बाळाच्या वजनाला किलोमागे एक मिलिग्रॅम अशी मोजून दिली जाते, रक्त तपासत, डोळे तपासत. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बाटलीवर हे का लिहीत नाहीत?" बाटलीवर लिहायची ती गोष्ट नव्हे, पण त्याला ती महत्त्वाची वाटली याचा मला आनंद झाला.

निटिसिनोनचं काम तिथेच थांबलेलं नाही. अल्काप्टोन्युरिया नावाच्या आजारात लघवी हवेत ठेवली की काळी पडते आणि चाळिशीत सांधे झिजतात. आर्चिबाल्ड गॅरॉड या इंग्लिश डॉक्टरने 1902 मध्ये याच आजारावरून दाखवून दिलं होतं की काही आजार आईवडिलांकडून मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमाने येतात. युरोपने 2020 मध्ये प्रौढांतल्या त्या आजारासाठीही हेच औषध मान्य केलं.

माझ्या भाचीचं बाळंतपण मार्चमध्ये महापालिकेच्या एका प्रसूतिगृहात झालं. चांगलं झालं, सिस्टर प्रेमळ होत्या, खाट स्वच्छ होती. घरी सोडायच्या सकाळी बाळाला लस द्यायला मीच घेऊन गेले. डाव्या दंडावर बीसीजी, मांडीत हिपॅटायटिस बीची सुई, जिभेवर पोलिओचे दोन थेंब. सिस्टरने कार्डावर तिन्ही तारखा लिहिल्या, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "मावशी, झालं हो सगळं. दीड महिन्याने या." दुपट्यातून बाळाचं पाऊल बाहेर आलं होतं. मी ते मुठीत धरलं. टाच चांगली गरम होती, थेंब सहज आला असता. कार्ड पुन्हा उघडून बघितलं. त्यात त्यासाठी रकाना नव्हता.